लाकडाचं पोकळ भांडं आणि त्याची काळी कॉलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेथवर (लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर) हॉलो फॉर्म करायला घेतला की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते सगळे इथे एका जागी लिहून ठेवतोय. साधा बाउल तुम्हाला टर्न करता येतो, टूल्सना धार लावता येते आणि चकमध्ये (लेथच्या जबड्यात) काम कसं पकडायचं हे माहितीये असं धरून चाललोय. कॉलरवर, म्हणजे भांड्याच्या तोंडावर बसवायच्या वेगळ्या लाकडाच्या गोल कडेवर, जरा जास्तच लिहिलंय, कारण बहुतेक लोक तिचा विचार भांडं पूर्ण झाल्यावर करतात आणि तिथेच गोंधळ होतो. कॉलर कागदावरच्या पहिल्या रेघेपासून डोक्यात असायला हवी.

हॉलो फॉर्म म्हणजे नेमकं काय? बाउलपेक्षा काय वेगळं?

पोट मोठं आणि तोंड लहान, एवढाच फरक, पण त्या एका फरकाने सगळं काम बदलतं. बाउलमध्ये टूल कुठे लागतंय ते दिसतं, इथे नाही दिसत, छोट्या तोंडातून टूल आत घालायचं आणि हाताला काय जाणवतंय, आवाज कसा येतोय यावर कापत राहायचं. अमेरिकन टर्नर डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात वाकड्या टोकाची टूल्स वापरून असली पातळ भिंतींची, बारीक तोंडाची भांडी करून दाखवली आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. आज बाजारात मिळणारी बरीचशी होलोइंग टूल्स त्याच कल्पनेवर आहेत.

कॉलर लावायचीच कशाला? एकाच लाकडात तोंड करता येत नाही का?

येतं की. पण कॉलरने दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे सोय, आतलं कोरायला ४५-५० मिमीचं मोकळं तोंड मिळतं आणि नंतर कॉलर बसवली की तेच तोंड २०-२५ मिमी होतं, बघणाऱ्याला वाटतं एवढ्याशा भोकातून कोरलंय. दुसरी म्हणजे नजर. भांड्याची बाहेरची रेघ वर जाऊन कुठेतरी थांबायला हवी, आणि काळी कॉलर ती रेघ थांबवते. मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. मात्र एक लक्षात ठेवा, काळा रंग आकार लपवत नाही, उघडा पाडतो. खांद्याला कुठे सपाट पट्टा राहिला असेल किंवा वक्र मध्येच मोडला असेल तर काळ्या कडेच्या शेजारी तो लगेच दिसतो.

मग खरं आबनूसच (एबनी, मुळातच काळं लाकूड) का नाही वापरायचं?

वापरा, मिळालं तर छोटा तुकडा पुरतो. पण ते महाग, जड आणि ठिसूळ, पॉलिश पेपर मारताना गरम झालं की बारीक चिरा पडतात, आणि धूळ अतिशय बारीक, ती शेजारच्या फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. शिवाय जंगलतोडीचा प्रश्न आहेच, मादागास्करमधली आबनुसाची झाडं २०१३ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि आफ्रिकन ब्लॅकवुड ज्या शिसवाच्या वंशातलं तो जवळपास सगळा वंश २०१७ पासून. साधं लाकूड काळं करून आबनुसासारखं दाखवणं ही काही पळवाट नाही, युरोपात घड्याळांच्या पेट्या आणि फर्निचर कित्येक पिढ्या काळ्या केलेल्या पेअरच्या लाकडात होत आलंय.

भांड्याला कुठलं लाकूड घ्यावं आणि कॉलरला कुठलं?

भांड्याला तुम्हाला आवडेल ते, फक्त कॉलर काळी असणार म्हणून फिकट किंवा मध्यम रंगाचं घेतलं तर उठाव येतो. मेपल, अ‍ॅश, चेरी, आंबा, काहीही. खूप नक्षीदार, डाग-रेषांनी भरलेलं लाकूड असेल तर कॉलर अगदी साधी ठेवा, दोघांनी एकाच वेळी बोलायला नको.

कॉलरला मात्र घट्ट, बारीक छिद्रांचं लाकूड. पेअर, मेपल, चेरी ही उत्तम. ओक किंवा बाभूळ यांच्यात टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य, लोखंडाशी मिळून काळा रंग देतं) भरपूर म्हणून काळं झकास होतं, पण छिद्रं मोठी असल्याने पृष्ठभाग आबनुसासारखा सपाट दिसत नाही, तो खडबडीतपणा हवा असेल तरच घ्या. सागवान तेलकट, त्यावर रंगही नीट धरत नाही आणि गोंदही, ते कॉलरला टाळलेलं बरं.

ओल्या लाकडात करता येईल का?

भांडं हो, कॉलर नाही. ओलं लाकूड असेल तर आधी रफ टर्न करा, भिंत व्यासाच्या साधारण दहा टक्के जाड ठेवा, म्हणजे १५० मिमीच्या भांड्याला १५ मिमी, उघड्या टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवून द्या. मधून मधून वजन करा, वजन उतरायचं थांबलं की वाळलं. मग ते थोडं अंडाकृती झालेलं असेल, ते परत लेथवर घेऊन गोल करायचं आणि मगच कॉलरची खाच कापायची. ओल्या भांड्याला सुकी कॉलर चिकटवली तर भांडं आकसणार आणि कॉलर जागची हलणार नाही, मग एक तर सांधा उघडतो नाही तर भांड्याचं तोंड तडकतं.

कॉलरच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, कुठल्या दिशेने असाव्यात?

भांड्यासारख्याच. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा. लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही, आडवं मात्र ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत जातीप्रमाणे ३ पासून १० टक्क्यांपर्यंत आकसतं आणि सुकल्यावरही हवेतल्या दमटपणाप्रमाणे थोडं हलत राहतं. भांड्याच्या रेषा खालून वर जात असतील, म्हणजे लेथच्या अक्षाला समांतर, तर कॉलरच्याही तशाच घ्या. फळीतून आडवा तुकडा कापून कॉलर केली तर ती एका बाजूने हलणार आणि दुसऱ्या बाजूने नाही. ३०-३५ मिमीच्या कॉलरला हे सहसा निभावून जातं, ६० मिमीच्या पुढे नाही.

कामाचा क्रम काय ठेवायचा?

मी असा ठेवतो. ओंडका दोन सेंटर्समध्ये धरून गोल करायचा, बुडाकडे चकसाठी दणकट टेनन (पकडीत बसणारा गोल दांडा) काढायचा, चकमध्ये पकडून बाहेरचा आकार जवळजवळ पूर्ण करायचा पण बुडाजवळ भरपूर लाकूड ठेवायचं, कारण आत कोरताना सगळा जोर तिथेच येतो. मग टेलस्टॉकमध्ये (लेथच्या चकसमोरच्या टोकात) ड्रिल लावून हव्या त्या खोलीपर्यंत भोक, त्याने खोलीही ठरते आणि मधलं चिवट लाकूडही जातं. मग आतलं कोरणं, मग तोंडाची खाच, मग वेगळ्या तुकड्यातून कॉलर, ती वेगळीच काळी करून सील करायची, चिकटवायची, आणि शेवटी बूड. बाहेरचं सँडिंग कॉलर चिकटवण्याआधीच संपलं पाहिजे. यातलं बाकी काही पुढेमागे झालं तर चालतं पण ही एक गोष्ट पक्की, नाही तर लाकडाची पांढरी धूळ काळ्या कॉलरवर आणि कॉलरचा काळा रंग पॉलिश पेपरमधून भांड्यावर, असा खेळ सुरू होतो.

आत कोरताना टूल थरथरतं आणि कधी कधी एकदम अडकतं, काय करू?

पहिलं कारण, टूल रेस्टपासून (ज्या आडव्या पट्टीवर ते टेकवतो तिच्यापासून) फार बाहेर गेलेलं असतं. १२ मिमीचा दांडा १०० मिमीच्या आसपास ठीक, त्यापुढे २० मिमीचा जाड दांडा लागतो आणि तोही २०० मिमीच्या जवळ कुरकुरायला लागतो. रेस्ट तोंडाच्या शक्य तितकी जवळ घ्या.

दुसरं कारण टोकाची उंची. आतून स्क्रेप करताना टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवायचं. कारण असं की जोर वाढला की टूल खाली दबतं, ते वरून मध्यरेषेकडे आलं तर लाकडापासून सुटतं, पण आधीच मध्यावर किंवा खाली असेल तर दबल्यावर लाकडात आणखी घुसतं आणि तिथेच झटका बसतो.

तिसरं म्हणजे घाई. वरून खाली टप्प्याटप्प्याने जा, वरचे ३०-४० मिमी पूर्ण जाडीला आणून मगच खाली उतरा, एकदा खालचं लाकूड गेलं की वरची भिंत लवचिक होते आणि परत तिथे टूल लावलं की थरथर ठरलेली. रेषा अक्षाला समांतर असतील तर आतला कट मधून बाहेरच्या दिशेने घ्या, रेषा दबून कापल्या जातात आणि पृष्ठभाग साफ येतो. सरळ टूलने जेवढं पोचतं तेवढं आधी काढा, वाकडं टूल फक्त खांद्याखालच्या भागाला.

आत साठलेला भुसा कसा काढायचा?

लेथ बंद करून. पूर्णपणे बंद, आणि मग हवेच्या झोताने किंवा भांडं तिरकं करून. फिरत्या भांड्याच्या तोंडात बोट कधीच घालायचं नाही, कापडही नाही, "जरासं" सुद्धा नाही. भुसा दर थोड्या वेळाने काढत राहा, तो साठला की टूलभोवती आवळतो आणि आवाजावरून जे कळायला हवं ते कळत नाही.

स्पीड किती?

एक जुना अंदाज आहे, व्यास इंचात गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मध्ये. म्हणजे ६ इंचाच्या भांड्याला १००० ते १५००. ओबडधोबड, गोल नसलेल्या ओंडक्याला याच्याही खूप खाली सुरू करा. कोरताना मी खालच्या टोकाला राहतो. फेस शील्ड घाला, नुसता चष्मा नको, आणि सुरू करताना भांड्याच्या समोरच्या रेषेत उभं राहू नका.

भिंत किती जाड ठेवावी?

५-६ मिमी, सगळीकडे सारखी. पातळ करण्यापेक्षा सारखी असणं महत्त्वाचं, जाड-पातळ भिंत एकसारखी आकसत नाही आणि तडकते. मोजायला लांब पायांचा कॅलिपर घ्या, आणि मधून मधून लेथ थांबवून नखाने टिचकी मारून ऐका, जाड आणि पातळ भागाचा आवाज वेगवेगळा येतो. फक्त तोंडापाशी, जिथे कॉलर बसणार, तिथे ७-८ मिमी ठेवा, कारण तिथे खाच कापायचीय.

कॉलरचा सांधा कसा करायचा?

भांड्याच्या तोंडाला आतल्या कडेने साधारण ३ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल पायरी कापायची, आणि कॉलरच्या खालच्या बाजूला त्यात बसेल असा टेनन. आधी पायरी कापा, मग कॉलर तिला जुळवा, उलट नको, कारण कॉलर काढून परत परत लावून बघणं सोपं. बोटाने दाबल्यावर बसली पाहिजे, ठोकावी लागली तर गोंदाला जागाच उरत नाही आणि भांडं तडकायची भीती, आणि सैल असेल तर ती मध्यावर बसत नाही. पायरीची भिंत सरळ आहे ना हे बघा, थोडी जरी तिरकी झाली तरी वर बारीक फट दिसते.

आणि सांध्यावर एक बारीक व्ही खाच मारा, टोकदार टूलने, अर्ध्या मिलीमीटरची. दोन लाकडं पुढे केसभर हलली तरी ती खाच ते झाकते, आणि काळ्याची कड सुबक दिसते. पूर्ण सपाट, न दिसणारा सांधा करायच्या मागे लागू नका, पहिल्या पावसाळ्यात तो बोटाला लागतोच.

गोंद साधा पांढरा पीव्हीए पुरेसा, हळू सुकणारा इपॉक्सी पण चालतो. फार थोडा लावा आणि तो पायरीत लावा, टेननवर नको, म्हणजे जास्तीचा गोंद आत जातो, बाहेर नाही.

लोखंडाच्या पाण्याने काळं कसं करतात?

बारीक स्टील वूल, ०००० नंबरचं, साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावरचं तेल काढायचं, सुकवायचं, तुकडे करून काचेच्या बरणीत अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकायचं. झाकण घट्ट लावायचं नाही, यातून हायड्रोजन वायू निघतो, बरणी फुटू शकते, आणि जवळपास ज्योत नको. काही दिवसांनी लोखंड बरंचसं विरघळतं, मग ते कापडातून दोनदा गाळून घ्यायचं. गाळलं नाही तर लोखंडाचे कण लाकडात अडकतात आणि नंतर गंजाचे ठिपके येतात.

हे पाणी स्वतः काळं नसतं, फिकट राखाडी-हिरवट असतं. काळा रंग लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडल्यावर तयार होतो, लाकडाच्या आत. शेकडो वर्षं ज्या काळ्या शाईने हस्तलिखितं लिहिली गेली ती याच रसायनातून व्हायची. मला ही पद्धत यासाठी आवडते, की रेषा दिसत राहतात, रंगाचा थर वर बसल्यासारखं वाटत नाही.

लावण्याआधी कॉलर ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत सँड करा, मग ओल्या फडक्याने पुसा, लाकडाचे तंतू उभे राहतील, सुकू द्या, परत ४०० ने हलकंसं मारा. हे दोनदा केलं तर नंतर काळ्यावर पॉलिश पेपर लावायची वेळच येत नाही. आणि यायला नको, कारण हा रंग फार वरवर असतो, कडेवर एक फेरी मारली की खालचं लाकूड डोकावतं.

माझी कॉलर काळी न होता राखाडी झाली, का?

टॅनिन कमी पडलं. मेपल, पेअर यांच्यात ते मुळातच कमी. आधी टॅनिनचं पाणी द्या, अगदी कडक काळा चहा चालतो, पण हिरड्याची पावडर गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी जास्त जोरदार, हिरड्यात टॅनिन खूप असतं. ते लावा, सुकू द्या, मग लोखंडाचं पाणी, काही मिनिटांत रंग चढतो, मग वरून परत एकदा टॅनिनचं पाणी. दोन्हींचे ब्रश वेगळे ठेवा आणि एकाच्या बरणीत दुसऱ्याचा ब्रश बुडवू नका, बरणीच काळी होते आणि वाया जाते. सुकल्यावर ओल्या फडक्याने वरची काळी पूड पुसून घ्या.

निळसर झाक दिसत असेल तर घाबरू नका, तेल किंवा शेलॅक लागलं की ती बरीचशी जाते. तपकिरी झाक आली तर मात्र लोखंडाचं पाणी जुनं झालंय, हवा लागून गंजलंय, नवीन करा.

एवढं करण्यापेक्षा काळी शाई लावली तर?

लावा, खरंच. इंडिया इंक म्हणजे कार्बनची काळी शाई, ती उन्हाने उडत नाही आणि कुठल्याही लाकडावर सारखी काळी दिसते. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्यायचं. स्पिरिटमधला काळा डाय पण चालतो, तो खोल जातो पण उन्हात फिका पडतो आणि वरून स्पिरिटमधलं पॉलिश ब्रशने लावलं की सुटून येतो. बारीक छिद्रांच्या मेपलवर मी शाईच वापरतो, चेरी किंवा अक्रोडाच्या लाकडावर लोखंडाचं पाणी.

काळा रंग भांड्याच्या फिकट लाकडात पसरला, आता?

शाई असेल तर फारसं काही करता येत नाही, तेवढा भाग परत टर्न करावा लागतो. लोखंडाचा डाग असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने निघतो, हातमोजे घालून, ते विषारी आहे, आणि नंतर साध्या पाण्याने नीट पुसून. पण ते कॉलरला लागलं तर कॉलरचाही रंग काढेल, तेव्हा जपून.

म्हणूनच कॉलर वेगळी काळी करून, सील करून मग चिकटवा असं म्हणतोय. टेननला मात्र रंग आणि सीलर लागू देऊ नका, टेप गुंडाळा, सीलरवर गोंद धरत नाही. आकाराच्या शेवटच्या फेरीसाठी कॉलर भांड्यावरच टर्न करायची असेल तर मार्ग आहे, भांड्याला आधी शेलॅकचे दोन हात द्या, व्ही खाचेच्या आतपर्यंत, मग कॉलर काळी करा. शाई खाचेत थांबते.

कॉलरचं माप काय असावं?

भांड्याच्या सर्वात मोठ्या व्यासाच्या पाव ते एक तृतीयांश, आणि बूडही साधारण तेवढंच. सर्वात रुंद भाग उंचीच्या मध्यावर नको, वर दोन तृतीयांशाच्या आसपास घेतला तर भांडं उभारी घेतं. हे आकडे सुरुवातीपुरते. खरं म्हणजे पुठ्ठ्यातून कॉलरचे दोन-तीन आकार कापून, काळे करून, भांड्यावर ठेवून लांबून बघा. बहुतेक वेळा पातळ आणि ठेंगणी कॉलरच जिंकते.

फिनिश कोणतं?

तेलाने फिकट लाकूड पिवळसर होतं, मेपल पांढरं ठेवायचं असेल तर पाण्यातलं किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर स्प्रे करा. चेरी, अक्रोड यांना डॅनिश ऑइल सुंदर दिसतं. काळ्या कॉलरला सॅटिन बरं, फार चकचकीत केलं की प्लास्टिक वाटतं आणि प्रत्येक ओरखडा दिसतो. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, सुकताना आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बफिंग करत असाल तर कॉलरसाठी चाक वेगळं, आणि काळ्यावर पांढरी पॉलिशिंग पेस्ट किंवा पांढरं मेण नको, छिद्रांत ते पांढरे ठिपके होऊन बसतं. काळं मेण मिळतं, ते वापरा.

बूड कसं पूर्ण करायचं, भांडं तर आता चकमध्ये धरता येत नाही?

लाकडाचा एक निमुळता ठोकळा चकमध्ये लावा, त्यावर मऊ चामडं किंवा फोम, त्यावर भांड्याचं तोंड, आणि टेलस्टॉकने बुडाकडून हलकंसं दाबा. ठोकळा असा करा की तो कॉलरच्या कडेवर नाही तर तोंडातून आत जाऊन भांड्याच्या तळाला टेकेल, म्हणजे जोर कॉलरवर येत नाही. बूड किंचित आत खोलगट करा, नाही तर भांडं डुगडुगतं. मधला छोटा दांडा शेवटी पटाशीने काढायचा आणि हाताने सँड करायचं.

यात पाणी घालून फुलं ठेवता येतील?

नाही. सुकी फुलं, सुक्या काड्या चालतील. ओलावा आत गेला की पहिल्यांदा कॉलरचा सांधा सुटतो.

तयार भांड्याचं तोंड फुटलं तर नंतर कॉलर बसवता येईल?

बऱ्याचदा येते. तळाला आतून टेकेल असा लांब ठोकळा करून भांडं त्यावर नका चढवू, इथे तोंड मोकळं हवंय, म्हणून बूड खाली धरायला चकवर लाकडी कप टर्न करा आणि भांडं त्यात टेपने पक्कं बांधा. वेग अगदी कमी. फुटलेला भाग पूर्ण जाईपर्यंत पार्टिंग टूलने तोंड मागे घ्या आणि तिथे भिंत किती उरलीय ते मोजा. ५ मिमी असेल तर २ मिमीची पायरी निघते, तेवढी छोट्या कॉलरला पुरते. ३ मिमीच उरली असेल तर पायरी कापू नका, कॉलरच्याच खालच्या बाजूला गोल खाच करा आणि ती भांड्याच्या कडेवर टोपीसारखी बसवा.